डिस्चार्जनंतरचे नव्वद दिवस



आजचा विषय संध्याकाळी ऐकायला सुखाचा नाही. विषय थोडक्यात असा. तेरा ते अठरा-एकोणीस वर्षांची मुलं-मुली, ज्यांना जगणं नको झालं म्हणून किंवा तसा प्रयत्न केला म्हणून दवाखान्यात भरती करावं लागलं, ती घरी परतल्यावर औषधं घेतात का? नाही घेतली तर काय होतं? आणि ती घेतली जावीत, ही जबाबदारी नेमकी कोणाची? वऱ्हाडात आत्महत्या म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कापसाचं वावर, सावकाराचं किंवा बँकेचं कर्ज आणि घरातला कर्ता पुरुष येतो. गेली पंचवीस-तीस वर्षं आपण तिकडे पाहत आलो आणि ते पाहणं गरजेचंच होतं. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ सालचा अहवाल पाहा. देशात त्या वर्षी १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत विद्यार्थी १३,०४४ आणि शेतकरी-शेतमजूर मिळून ११,२९०. देशाचा विचार केला तर विद्यार्थ्यांचा आकडा शेतीवर जगणाऱ्यांच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. महाराष्ट्रात मात्र उलट आहे. इथल्या २२,७४६ आत्महत्यांत, आणि हा सर्व राज्यांतला सर्वांत मोठा आकडा आहे, शेतीतले ४,२४८ आणि विद्यार्थी १,७६४. म्हणून आपली नजर बापावर खिळली, त्यात नवल नाही. पण एकाच घरातल्या दोघांपैकी एकावरच नजर ठेवायची, असं तर कोणी ठरवलेलं नव्हतं ना?

आता ‘भरती झालेला किशोर’ म्हणजे कोण, हे आधी नीट समजून घेऊ. पुस्तकात वाचलं तर डोळ्यांपुढे मनोरुग्णालयाचा वॉर्ड येतो. आपल्याकडे ते चित्र बहुतांशी चुकीचं ठरतं. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. अमरावती महसूल विभागाच्या पाच जिल्ह्यांत एकही नाही. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर. त्यामुळे आपलं लेकरू भरती होतं ते अमरावतीच्या इर्विन रुग्णालयाच्या किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या मेडिसीन वॉर्डात, अतिदक्षता विभागात, नाहीतर एखाद्या खाजगी दवाखान्यात. तिथे जीव वाचवण्याचं काम होतं, आणि ते डॉक्टर-सिस्टर जिवाचं रान करून करतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सलाईन निघतं, रिपोर्ट नॉर्मल येतात आणि नातेवाईक घाई करू लागतात. पोलीस केस होईल ही धास्ती, गावात कळेल ही लाज, वावरातली कामं खोळंबलेली. मग सही करून, कधी सल्ल्याविरुद्ध, मुलाला घरी नेलं जातं. मानसोपचारतज्ज्ञांची भेट झालीच तर एकदा होते, आणि हाती पडते गोळ्यांची चिठ्ठी. शरीराचा आजार संपला म्हणून सुटी मिळालेली असते. ज्यामुळे तो इथवर आला, ते सगळं जसंच्या तसं घरी वाट पाहत असतं.

पोलीस केसच्या धास्तीबद्दल इथेच एक सांगून टाकतो, कारण ही धास्ती आता जुनी झाली आहे आणि तरी लोक तिच्यापायी लेकरांना अर्ध्या उपचारातून उठवून नेतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालवायचा नसतो. एवढंच नाही, पुन्हा असं होऊ नये म्हणून तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन करणं हे त्याच कलमाने सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. या प्रयत्नाला गुन्हा मानणारं जुन्या दंडसंहितेचं कलम ३०९ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलंच नाही. दवाखान्यातून पोलिसांना कळवणं होतं, जबाब होतो, हे खरं. पण मुलाला आरोपी करायला कोणी येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. धोका सर्वांत जास्त कधी असतो? आपली समजूत अशी की भरती होण्याआधी. भरती झाला, वाचला, घरी आला, म्हणजे संकट टळलं. पुरावा याच्या उलट बोलतो. मानसोपचार विभागातून घरी गेलेल्या रुग्णांवरचे जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात दर लाख रुग्णांमागे वर्षाला ४८४ आत्महत्या निघाल्या, आणि पहिल्या तीन महिन्यांपुरता पाहिला तर हाच दर ११३२. हा सर्व वयांचा हिशेब आहे. मुलांपुरतं बोलायचं तर अमेरिकेत १० ते १८ वयाच्या, भरती होऊन घरी गेलेल्या १,३९,६९४ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांची बाहेरच्या दवाखान्यात सात दिवसांच्या आत पुन्हा भेट झाली, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांतला आत्महत्येचा धोका निम्म्याहूनही कमी आढळला. चाणाक्ष श्रोता इथे अडवेल आणि त्याने अडवावंच: सात दिवसांत दवाखान्यात नेणारं घर मुळातच अधिक सावध असणार, मग श्रेय भेटीचं की घराचं? प्रश्न अगदी रास्त आहे. नुसत्या नोंदी पाहून याचं उत्तर देता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात. तसे प्रयोग झाले आहेत आणि मी थोड्या वेळाने त्यांच्याकडे येणार आहे.

त्याआधी गोळी सुटते कशी, ते पाहू. याच मुलांबद्दल मिशिगनच्या चेरिल किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आत्महत्येच्या विचारांमुळे भरती होऊन घरी गेलेल्या किशोरांपैकी औषधाचा पाठपुरावा साधारण दोन-तृतीयांशांनी केला, एकट्याने घ्यायचं समुपदेशन निम्म्यांनी, आणि कुटुंबाने बसायच्या बैठका एक-तृतीयांशांनी. म्हणजे औषध हीच त्यातल्या त्यात टिकलेली गोष्ट, आणि तरीही तीन मुलांमागे एकाचं सुटलंच. हे मोटारी असलेल्या, विमा असलेल्या देशातलं. आपल्याकडे काय होत असेल? नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून जाणवतो: मळमळ, डोकेदुखी, कोणाला झोप येत नाही तर कोणाला ती सरत नाही. अकोल्यात खोली करून नीटचा क्लास लावलेल्या मुलाला सकाळी सहाला उठवत नसेल, तर तो क्लास सोडेल की गोळी? काही औषधांनी वजन वाढतं, काहींनी मुलींची पाळी चुकते. सोळा वर्षांच्या मुलीला तिचं तोंड फुगलेलं दिसतं आणि ती गुपचूप गोळी उशीखाली सारते. घरचे म्हणतात, “आता बरं आहे ना पोट्टं, मंग कायले पाहिजे गोळ्या?” शेजारीण म्हणते, सवय लागते. मुलीच्या आईला तर आत्तापासूनच सोयरिकीची काळजी लागलेली असते. कोणी सैलानीच्या दर्ग्यावर नेऊन आणायचं सुचवतं. दर्ग्यावर जाण्याला माझा विरोध नाही. जाताना गोळ्या सोबत न्याव्यात, एवढंच म्हणणं आहे. आणि औषधाच्या खिडकीवर एखादी गोळी संपलेली असेल, तर तीन ठिकाणी हिंडायला बापाची मजुरी बुडते.

यात आपल्या मुलखाची एक खास अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत ठळक सापडणार नाही. मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवर लिथियम नावाचं औषध देतात. आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत ज्या थोड्या औषधांचा पुरावा चांगला आहे, त्यांतलं हे एक. पण अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषबाधेपर्यंत जाऊ शकतं. अकोल्याचा मे महिना आपल्याला माहीत आहे. पारा ४५ च्या पुढे गेला तरी आपण त्याला बातमी मानत नाही. अशा उन्हात हगवण लागलेल्या किंवा दिवसभर वावरात राबलेल्या मुलाचे हात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, तर घरचे काय करतील? गोळी कायमची बंद करतील. आणि लिथियम एकाएकी, कोणाला न विचारता बंद केलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणजे उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या, मीठ तोडू नका, रक्ततपासणी चुकवू नका, हात थरथरले तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, ही चार वाक्यं कोणी मराठीत समजावून सांगितली नाहीत म्हणून एक उपयोगी औषध सुटतं. डिस्चार्ज कार्डावर ही वाक्यं असतात का? असली तर इंग्रजीत, आणि डॉक्टरी अक्षरात.

मग आपण म्हणतो, पोरगा ऐकत नाही. माझा आजचा सगळा वाद या एका वाक्याशी आहे. गोळी सुटली हा मुलाचा हट्ट समजून आपण त्याला रागावतो, आणि तो पुढच्या वेळी सुटल्याचं सांगत नाही. वास्तविक सुटलेली गोळी ही आपल्याला मिळणारी सर्वांत लवकरची खबर असते. औषधाचा त्रास होतोय, किंवा घरात कोणी त्याची लाज काढतंय, किंवा, आणि हे सर्वांत गंभीर, बरं होण्यात आता अर्थ नाही असं त्याला पुन्हा वाटू लागलंय. निराशा हे आजाराचंच लक्षण. ज्या आजाराने उद्याची आशा खाल्ली आहे, त्याच आजाराच्या रोग्याने उद्यासाठी रोज शिस्तीने गोळी घ्यावी, अशी अपेक्षा करायची आणि ती पुरी झाली नाही की दोष त्याला द्यायचा, हा कुठला न्याय? क्षयरोगाच्या बाबतीत आपण हे केव्हाच शिकलो. दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि रोगी गोळ्या सोडतो, हे कळल्यावर १९९७ पासूनच्या सुधारित कार्यक्रमाने औषध पूर्ण होण्याची जबाबदारी रोग्यावरून यंत्रणेवर आणली. गावातच औषध देणारा माणूस नेमला, गैरहजर राहिलेल्याच्या घरी जाणं ठरवलं, पुढे २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये सुरू केले, ते आता १,००० झाले. कुष्ठरोग्यांना घराबाहेर काढणाऱ्या याच समाजात शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभं केलं. लाज आणि उपचार यांचं नातं या शहराला नव्याने सांगायला नको. क्षयाच्या रोग्याला जे दिलं, ते जीव नकोसा झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला का देत नाही आपण?

यावर पहिला आक्षेप येतो तो औषधावरच, आणि तो हलका नाही. या गोळ्यांनीच मुलांत आत्महत्येचे विचार वाढतात असं नाही का? ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्याच्या औषधांवर काळ्या चौकटीत तसा इशारा छापायला लावला, पुढे २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लावला. त्यामागे २४ चाचण्यांतल्या सुमारे ४,४०० मुलांची माहिती होती. खोटी गोळी घेणाऱ्यांत शंभरात दोघांना, तर खरी घेणाऱ्यांत चौघांना आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन दिसलं. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नाही. हा इशारा खरा आहे आणि तो प्रत्येक आईबापाला सांगितलाच पाहिजे. पण तो सांगतो काय? औषध सुरू करताना आणि मात्रा बदलताना पहिले काही आठवडे मुलाकडे बारीक लक्ष द्या: बेचैनी, चिडचिड, झोप उडणं दिसलं तर लगेच कळवा. लक्ष ठेवायला माणूस नसेल तर औषध देणं खरोखरच धोक्याचं आहे, आणि माणूस असेल तर त्याचा उपयोग आहे. त्याच २००४ सालच्या, ४३९ किशोरांवरच्या एका मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनी खोट्या गोळीवर ३५ टक्के मुलं सुधारली, नुसत्या बोलण्याच्या उपचारावर ४३, नुसत्या फ्लुओक्सेटिनवर ६१, आणि दोन्ही मिळून ७१ टक्के. आक्षेप घेणारे आणि मी, दोघंही शेवटी एकाच गोष्टीशी येऊन थांबतो, ती म्हणजे पाठपुरावा.

दुसरा आक्षेप वऱ्हाडात हमखास येतो, आणि सभागृहात कोणाच्या तरी मनात तो आत्ता असेलच. बापाच्या कापसाला भाव नाही, पोराला नोकरी नाही, बारावीचा बोजा आहे, आणि तुम्ही गोळ्यांची भाषा करता? दुखणं व्यवस्थेचं, औषध पोराला? या आक्षेपातला राग मला मान्य आहे, त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. भाव मिळाला पाहिजे, परीक्षेचा फास सैल झाला पाहिजे, आणि फवारणीची अतिविषारी रसायनं बाजारातूनच गेली पाहिजेत. श्रीलंकेने १९९५ पासून तशी बंदी टप्प्याटप्प्याने आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण वीस वर्षांत सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं. घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटण्याचा प्रयोगही तिथे मोठ्या प्रमाणावर झाला, त्याचा मात्र गुण आला नाही. तेव्हा धोरणाचं महत्त्व मी तरी नाकारणार नाही. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्क्यांना कसला ना कसला मानसिक आजार आढळला. कापसाचा भाव सुधारेपर्यंत त्यांनी थांबायचं का? आणि उपचार गावात नेले तर गावकरी नाकारतात, हेही खरं नाही. विश्राम नावाचा प्रकल्प विदर्भातल्या ३० गावांत झाला, त्यात गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं होतं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, ते अठरा महिन्यांत २७.२ टक्के झाले. शेतीसंकट तेव्हाही होतंच.

आता त्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगांकडे येतो, कारण माझं म्हणणं त्यांच्यावर उभं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो, ब्राझील, इराण आणि चीनमधल्या दवाखान्यांत आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एकाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याशिवाय एक तास नीट समजावून सांगणं आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. एवढंच. अठरा महिन्यांनी पहिल्या गटात २.२ टक्के जणांनी जीव दिला होता, दुसऱ्यात ०.२ टक्के. दुसरा प्रयोग पुन्हा चेरिल किंग यांचाच, भरती झालेल्या ४४८ किशोरांवरचा. यात मुलानेच आपल्याला जवळची वाटणारी चारपर्यंत मोठी माणसं सुचवायची: आत्या, मामा, शिक्षक, कोणीही. त्या माणसांना आजार काय, औषध काय, धोक्याची खूण कोणती, हे शिकवलं, आणि त्यांनी तीन महिने मुलाच्या संपर्कात राहायचं. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षात फारसा फरक दिसला नाही. पण अकरा ते चौदा वर्षांनी मृत्यूच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा नेहमीचे उपचार मिळालेल्या २२५ पैकी १३ जण गेले होते आणि या गटातल्या २२३ पैकी दोन. हे मृत्यू सर्व कारणांचे, आणि असा प्रयोग इतरत्र पुन्हा व्हायला हवा, ही दोन्ही पथ्यं पाळूनही मला हा आकडा बाजूला सारता येत नाही. गोळी टिकते ती अशा माणसांच्या आधाराने, आणि गोळी बदलावी लागली तरी ही माणसं टिकतात.

माणसं आणायची कुठून? आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ थोडे आहेत, हे खरं. पण नऊ फोन करायला तज्ज्ञ लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला समाजसेवक, शेतकरी कुटुंबांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पाखाली घरोघर जाणारी आशाताई, किंवा दवाखान्यातली सिस्टर ते करू शकते. रात्री-अपरात्री कोणी नसेल तेव्हा टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. उरतो गुप्ततेचा प्रश्न. गावात चार माणसांना कळलं की चाळीस जणांना कळणार, ही भीती खोटी नाही. म्हणूनच ती नावं मुलाने द्यायची, बापाने नाही. मुलं बहुधा चुलत्याचं नाव देत नाहीत, क्लासमधल्या एखाद्या सरांचं देतात, आणि आईबापांना ते खटकतं. खटकू द्यावं. लक्ष ठेवण्याची हेरगिरी होऊ नये याचा बंदोबस्तही त्यातच आहे. गोळ्या मोजणारा माणूस वेगळा असतो. मुलगा ज्याला आपणहून सांगेल की मी आठ दिवस गोळी घेतली नाही, तो माणूस आपल्याला हवा आहे.

एक पेच मात्र खरोखर अवघड आहे. धारणीच्या बापाला अमरावतीला यायचं म्हणजे घाटातून दीडशे किलोमीटर; त्याला दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम हव्या असतात आणि त्याचं काही चुकत नाही. पण नुकतंच सावरलेल्या मुलाच्या घरात दोन महिन्यांचा साठा असू नये, हेही तितकंच खरं. उत्तर आहे, थोडं कटकटीचं: साठा उपकेंद्रात ठेवावा, घरी आठवड्यापुरत्याच गोळ्या जाव्यात, त्याही मोठ्या माणसाच्या ताब्यात, आणि मुलगा घरी येण्याआधी फवारणीची रसायनं घरातून हलवलेली असावीत. आठवड्याच्या गोळ्या द्यायला आलेली आशाताई दर आठवड्याला मुलाशी चार शब्द बोलते, हा त्यातला फायदा.

यासाठी नवा कायदा लागणार नाही. त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम ९८ सांगतं की मानसोपचाराखालच्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टरांनी रुग्णाशी, त्याच्या प्रतिनिधीशी आणि तो ज्यांच्याकडे राहणार त्यांच्याशी बोलून पुढचे उपचार ठरवायचे. मेडिसीन वॉर्डातून परस्पर घरी जाणारी आपली मुलं या कलमाच्या कक्षेत येत नाहीत, असं कोणी म्हणेल. कलम ११५ त्यांना सोडत नाही, हे मघाशी पाहिलं. तेव्हा अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांनी, सरकारी आणि खाजगी दोन्ही दवाखान्यांनी, प्रयत्न करून आलेल्या एकाही मुलाला मानसोपचाराची भेट झाल्याशिवाय सुटी देऊ नये, आणि त्याच्या डिस्चार्ज कार्डाच्या मागे मराठीत चार गोष्टी लिहाव्यात: गोळीचा त्रास झाला तर काय करायचं, मुलाने दिलेली नावं, धोक्याच्या खुणा, आणि सात दिवसांच्या आत पहिला फोन कोण करणार त्याचं नाव. पाठपुराव्याची भेट बारावीच्या पेपरच्या दिवशी येत असेल तर आदल्या दिवशी ठेवावी.